लांबोटीच्या पुलावर सुटणारं क्रूझ

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले एक काका माझं जुनं गिऱ्हाईक. गाडी २००६ ची पेट्रोल सेडान, पाच गिअरची, ॲक्सिलरेटर साधा केबलवाला. त्यांचा उजवा गुडघा दुखतो आणि माल घेऊन पुण्याला सारखं जाणं, अडीचशे किलोमीटर पाय एकाच जागी धरून बसायचं म्हणजे घरी आल्यावर जिना चढवत नाही, म्हणून त्यांनी बाहेरून क्रूझ कंट्रोलचं किट बसवून घेतलेलं, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणारं. बसवणाऱ्याचं काम चांगलं होतं, वायरी नीट टेप मारलेल्या, क्लच पेडलला वेगळा स्विच, सगळं जागच्या जागी. तक्रार एवढीच की ८० ला सेट केलं की चालतंय चालतंय आणि मधेच सुटतंय, रिझ्यूमचं बटण दाबलं की तोच वेग परत धरतंय.

माझ्याकडे आली की गाडी एकदम ओके. केगावला विद्यापीठापर्यंत नेली, पुढे पाकणीपर्यंत नेली, सुटायचं नाव नाही. असला फॉल्ट सगळ्यात वाईट, त्यापेक्षा पूर्ण बंद पडलेली गाडी परवडली.

मॅन्युअल गाडीत क्रूझ सुटायची नेहमीची कारणं ठरलेली आहेत. क्लचचा स्विच पेडलला नीट टेकत नसेल तर सुटतं. आणि हा स्विच काढून चालत नाही बरं का, क्रूझ चालू असताना क्लच दाबला की चाकाचा लोड जातो, किट थ्रॉटल, म्हणजे इंजिनला हवा सोडणारी झडप, उघडीच धरून ठेवतं आणि इंजिन बोंबलत वर जातं. गिअरबॉक्सवरच्या सेन्सरचे पल्स, म्हणजे वेग सांगणारे सिग्नल, तुटले तरी सुटतं, ब्रेक स्विच ढिला असला तरी सुटतं. ते सगळं बघितलं, कनेक्टर साफ केले, अर्थ पॉइंट, म्हणजे वायर गाडीच्या बॉडीला जोडतात ती जागा, घासून परत आवळला, कुठेच काही सापडेना.

मग पुण्याहून येताना काकांचा फोन. "मिस्त्री, या वेळी मी ध्यान देऊन बसलो होतो. जाताना लांबोटीच्या पुलावरच सुटायलंय. जॉइंटवर गाडी धडधडली की सीटमध्येच कळतंय, कुणीतरी मागं ओढल्यागत. येताना गाडी रिकामी आहे, तर कुठंच काय नाही."

मला हे ऐकून फार बरं वाटलं, कारण अशी माहिती देणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं. क्रूझ ज्यानं शोधलं तो राल्फ टीटर लहानपणापासून दृष्टिहीन होता, गाडीचा वेग कमीजास्त होतो ते त्याला शेजारच्या सीटवर बसून अंगानं कळायचं, आणि त्यातनं निघालेली वस्तू १९५८ च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये आली. काकांनीही अंगानंच पकडलं होतं. त्यांना म्हटलं, पुढच्या खेपेला माल भरला की निघायच्या आधी तशीच गाडी घेऊन या, काही उतरवू नका.

आले. मागच्या सीटवर गठ्ठे, वर मागच्या काचेला टेकून ट्रेवर पण गठ्ठे दाबून बसवलेले. काका चालवायला, मी शेजारी डॅशखाली मान घालून. या किटच्या मॉड्यूलवर, म्हणजे कंट्रोलच्या डबीवर, तपासणीचा एक बारीक लाल दिवा आहे, ब्रेक दाबला की तो लागतो. लांबोटीला सीना नदीच्या त्याच पुलावर पहिला जॉइंट आला, दिवा पुटकन लागून गेला आणि क्रूझ सुटलं. काकांचे दोन्ही पाय सपाट खाली. म्हणजे पाय ब्रेकवर नाही आणि मॉड्यूलला वाटतंय आहे.

परत आल्यावर मागचे दिवे उघडले. दोन्ही बाजूला ब्रेकचे बल्ब एलईडी. भाच्यानं हौसेनं बदलले होते म्हणे, उजेड जास्त पडतो म्हणून.

आता गंमत कुठे आहे बघा. ब्रेक स्विचकडून दिव्यांकडे जाणाऱ्या वायरवर हे किट कान लावून बसलेलं असतं. ब्रेक दाबला की तिथे १२ व्होल्ट. ब्रेक सोडलेला असताना ती वायर बल्बच्या फिलामेंटमधून अर्थला जोडलेली राहते, थंड फिलामेंट मीटरवर चारदोन ओहमच्या वर जात नाही, आणि हा अर्थ दिसला तरच किट म्हणतं ब्रेकची लाइन शाबूत आहे, चला. एलईडीतनं हा अर्थ मिळत नाही. मग इतके दिवस क्रूझ चालत कसं होतं? तर मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट! तो कंपनीचा जुना फिलामेंटचाच राहिलेला, आणि सगळं क्रूझ त्या एका बारक्या बल्बवर तगून होतं.

त्या तिसऱ्या लाइटला मीटर लावला, रीडिंग व्यवस्थित. गठ्ठा त्याच्या कव्हरवर दाबला आणि हलवला, रीडिंग गायब. सोलापूरच्या उन्हात मागच्या काचेखालचं प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून होल्डरचा कान मोडला होता, आतली पितळी पट्टी काळी पडून ढिली. रिकाम्या गाडीत कशीबशी टेकायची, वरनं माल दाबला आणि पुलावर हादरा बसला की क्षणभर सुटायची.

काका म्हणाले, "मग त्या वायरला सरळ अर्थ देऊन टाक की, कटकट संपली." हे मला बऱ्याच जणांनी सांगितलंय आणि मी ते कधीच करणार नाही. लाइनलाच अर्थ दिला तर ब्रेक दाबताक्षणी शॉर्ट होऊन फ्यूज जाईल, मागच्याला तुमचा ब्रेकच दिसणार नाही. आणि दिव्यांपासून तोडून नुसता मॉड्यूलला अर्थ दिला तर तुम्ही ब्रेक दाबताय हे त्याला कळणारच नाही, पाय ब्रेकवर आणि थ्रॉटल ओढलेला. पुढे उसाची ट्रॉली अंधारात उभी असली की काय होईल ते तुम्हीच सांगा. लाइन तुटली की चालायला नकार देणारं किट नीटच वागत होतं, आणि हे मी काकांना डिकीपाशी उभं करून मीटर दाखवत समजावलं.

काम तसं छोटं. दोन्ही बाजूला २१ वॅटचे साधे फिलामेंटचे बल्ब परत टाकले, तिसऱ्या लाइटचा होल्डर बदलला, पट्टीला टेन्शन दिलं. मग मुद्दाम गठ्ठे होते तिथेच ठेवून मोहोळपर्यंत गेलो. जाताना येताना पुलावर मॉड्यूलचा लाल दिवा लागला नाही. परतीच्या वाटेवर ब्रेकला नुसता पाय टेकवून, क्लच अर्धा दाबून, स्विच ऑफ करून, तिन्ही प्रकारे क्रूझ लगेच सुटतंय का ते बघितलं, सुटत होतं.

गठ्ठे मात्र काका आता डिकीतच ठेवतात, त्यामुळे आरशातून मागची गाडी पण दिसायला लागली.