खुनी कोण ते नंतर बघू

दुपारी फ्रिज पुसायला काढला होता, तर मागच्या कोपऱ्यात मार्मलेडची बाटली सापडली, दुकानातली, कुणीतरी दोन चमचे खाऊन विसरलेली, आणि मला एकदम एका इंग्रजी पिक्चरमधली मॅगी स्मिथ आठवली. पलंगावर उशांना टेकून बसलेली, समोर नाश्त्याचा ट्रे, आणि मार्मलेड विकतचं आहे हे कळल्यावर तिचा तो चेहरा. म्हणजे एवढा मोठा वाडा, एवढे नोकरचाकर आणि साधा संत्र्याचा मुरंबा घरचा नाही! गंमत म्हणजे ही म्हातारी काउंटेस स्वतः त्याच घरमालकाच्या भत्त्यावर जगत असते, तो भत्ता बंद होईल म्हणून आतून घाबरलेली असते, पण मुरंब्याला नाक मुरडायचं ते मुरडायचंच. ज्याच्या ताटात जेवायचं त्याच्याच भाजीत मीठ कमी म्हणायचं, असे नातेवाईक कुणाकडे नसतात.

पिक्चर 'गॉस्फर्ड पार्क'. २००१ सालचा, रॉबर्ट ऑल्टमनचा. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना थोडक्यात सांगायचं तर १९३२ चा नोव्हेंबर, इंग्लंडमधलं एक श्रीमंत घर, शिकारीसाठी जमलेले पाहुणे, प्रत्येकाने आपापला नोकर किंवा मोलकरीण बरोबर आणलेली, आणि मग घरमालक सर विल्यम यांचा खून. मी हा किती वेळा पाहिलाय ते सांगत नाही, घरात आधीच माझी पुरेशी चेष्टा होते. पण मला आता पिक्चरपेक्षा तो बघितल्यावर माणसं काय बोलतात ते ऐकण्यातच जास्त मजा यायला लागलीय. कुणी भेटलं की दाखवते. मागे सगळे घरी जमले होते तेव्हा दादा, वहिनी आणि मामी या तिघांना बसवलं.

दादाचा प्रॉब्लेम असा की त्याला दर पाच मिनिटांनी "हा कोण?" असं विचारायची सवय आहे. मला या सवयीचा मनस्वी राग आहे, थिएटरमध्ये मागच्या रांगेतून तो प्रश्न आला तरी माझं डोकं उठतं, पण या पिक्चरपुरतं दादाला माफ आहे. एकतर माणसंच तीस-पस्तीस. त्यात वरचे सगळे एकसारख्या काळ्या कोटात. आणि खाली नोकरांच्या मजल्यावर तर अजूनच गोंधळ, कारण तिथली पद्धत अशी की बाहेरून आलेल्या नोकराला त्याच्या मालकाच्या नावाने हाक मारायची. मेरी ही त्या काउंटेसची नवीन मोलकरीण, स्कॉटलंडची साधी पोरगी, तिचं आडनाव कुणाला उच्चारता येत नाही आणि यायची गरजही नाही, कारण खाली ती मिस ट्रेंथम. "अरे ट्रेंथम तर ती म्हातारी ना?" दादा. हो, ती पण. "मग ही तिची मुलगी का?" नाही रे बाबा. जेवायच्या टेबलावर बसतानासुद्धा ज्याचा मालक मोठा तो नोकर मानाच्या खुर्चीत. वरची उतरंड खाली जशीच्या तशी, फक्त ताटं वेगळी.

खून होईपर्यंत तासाहून जास्त वेळ जातो. तोवर दादाला डुलकी लागली होती, तो जागा झाला तेव्हा सर विल्यम टेबलावर पडलेले. "मेला? कोण मेला?" यानंतर त्याचं मत ऐकण्यात अर्थ नव्हता पण त्याने ते दिलंच. स्लो आहे, सगळे एकाच वेळी बोलतात, आणि पोलिस कुणाला पकडतच नाहीत हा काय प्रकार. यातलं सगळे एकाच वेळी बोलतात हे खरंय, आणि ते मुद्दामच केलेलं आहे. ऑल्टमन प्रत्येक नटाच्या कपड्यात माइक लपवायचा आणि दोन कॅमेरे सतत हलते ठेवायचा, म्हणजे आत्ता आपल्यावर कॅमेरा आहे की नाही हे नटांनाही नीट कळायचं नाही. त्यामुळे सगळे सतत खऱ्यासारखे वागत बसतात, आणि आपण लग्नाच्या हॉलमध्ये उभं राहून चार घोळक्यांतलं थोडं थोडं ऐकावं तसं होतं, एक वाक्य हातात येतं, दुसरं निसटतं. ज्याला सगळंच ऐकायचंय त्याची चिडचिड होणार. सबटायटल्स लावा, मी सांगून ठेवते, पण सबटायटल्सनाही पुरत नाही तो.

मुळात रहस्यकथेबद्दल इतरांची मतं वाचायची खोड मला लहानपणापासूनची आहे. गावातल्या वाचनालयात बाबुराव अर्नाळकरांची एक अख्खी फळी होती, झुंजार, काळा पहाड, सगळे कोपरे झिजलेले, पानं पिवळी, आणि त्या पानांच्या समासात आधीच्या वाचकांनी पेन्सिलने लिहून ठेवलेलं असायचं. 'इथपर्यंत कंटाळा, पुढे बरं आहे.' 'हा माणूस मला आवडला नाही.' एका पुस्तकात पहिल्याच पानावर 'खुनी मुनीम आहे' असं ठळक लिहिलेलं आणि त्याखाली वेगळ्या शाईत 'साफ चूक. शेवट वाच गाढवा'. तर शेवटचं पानच फाडलेलं! मी ते पुस्तक तसंच वाचलं. मुनीम की कोण हे कधी कळलं नाही, आणि काय सांगू, काही बिघडलंही नाही, उलट त्या दोघांचं भांडण मला झुंजारपेक्षा जास्त आठवतं. एक गृहस्थ तर प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी फक्त 'ठीक' असं लिहून खाली तारीख टाकायचे. सुवाच्य अक्षर. मी बरेच दिवस वाचनालयातल्या म्हाताऱ्या सभासदांची अक्षरं चोरून बघत होते, हे 'ठीक'वाले आजोबा कोण म्हणून. नाही सापडले. पुस्तकातल्या खुन्यापेक्षा माझा तपास त्यांच्यावरच जास्त चालला होता.

असो, कुठे होते मी. वहिनी.

वहिनीला पिक्चर प्रचंड आवडला आणि तिने खून बघितलाच नाही. झोपली वगैरे नव्हती, ती गाणं ऐकत होती. पाहुण्यांमध्ये एक आयव्हर नॉव्हेलो असतो, हा माणूस खराखुरा होता, वेल्सचा, गाणी लिहायचा, नाटकात आणि सिनेमात कामं करायचा, त्या काळचा मोठा स्टार. त्याला शनिवार-रविवार बोलावलंय ते पियानो वाजवायला. तो वाजवतो, गातो, आणि वरची मंडळी पत्ते खेळतायत, कंटाळतायत, मॅगी स्मिथ तर एकाने टाळ्या वाजवल्यावर म्हणते की त्याला उत्तेजन देऊ नका. आणि खाली बातमी गेलेली असते. एकेक नोकर हातातलं काम टाकून जिन्यात, दाराआड, अंधारात येऊन उभा राहतो. कुणी पायरीवर बसतं, दोघी जणी एकमेकींना धरून हलक्या नाचतायत. वरच्यांमध्ये मन लावून ऐकणारी एकच, मेबल, हातमोजे बनवणाऱ्या कारखानदाराची मुलगी, जिच्याकडे रात्रीच्या जेवणाला घालायला एकच बरा ड्रेस आहे आणि त्यावरून जिला सगळे टोचून बोलतात. नेमकं याच वेळी पलीकडच्या खोलीत सर विल्यमच्या छातीत सुरा खुपसला जातो. "मला काय माहीत तिकडे काय चाललंय," वहिनी म्हणाली, "मी त्या पोरींकडे बघत होते." मला हे फार पटलं. डिरेक्टरलाही पटलं असतं असं मला वाटतं, कारण त्यालाही त्या सुऱ्यात फार रस दिसत नाही.

आणि इन्स्पेक्टरला तर कशातच नाही. स्टीफन फ्राय. हा इन्स्पेक्टर येतो, स्वतःचं नाव सांगायला जातो आणि दर वेळी कुणीतरी त्याला मध्येच तोडतं, बिचाऱ्याचं नाव शेवटपर्यंत पूर्ण होत नाही. बरोबरचा हवालदार पुरावे दाखवत असतो, साहेब हे बघा, साहेब ते बघा, आणि साहेब पाइप ओढत हात लावून सगळं बिघडवून ठेवतात. वर हेही सांगून टाकतात की नोकरांना काही विचारायची गरज नाही, मयताशी ज्यांचा खरा संबंध होता अशाच लोकांशी आपल्याला बोलायचंय. संपली चौकशी! आणि पिक्चर आपल्याला तासभर काय दाखवत होता? खोलीत वरची दोन माणसं भांडतायत आणि मागे कुणीतरी कपबश्या उचलतंय, शेकोटीत कोळसे घालतंय, केस विंचरून देतंय. नोकर नाही अशी खोली जवळजवळ नाहीच. म्हणजे ऐकायला सगळे होते, विचारायला कुणी गेलं नाही. त्या दिवसात इंग्लंड-वेल्समध्ये १३ लाखांहून जास्त बायका घरकामाला होत्या, १९३१ च्या जनगणनेतला आकडा आहे. १३ लाख जोड्या कान.

लोक मला सांगतात 'डाउनटन ॲबी' ही मालिका जास्त छान. दोन्ही एकाच माणसाने लिहिलेलं, ज्युलियन फेलोजने, गॉस्फर्डच्या पटकथेला त्याला ऑस्कर मिळालं आणि डाउनटन २०१० मध्ये आलं. मी डाउनटनही आवडीने बघितलंय, खोटं कशाला बोला, पण तिथले साहेब फारच प्रेमळ. नोकराचा डोळा बिघडला तर साहेब कासावीस होणार. बघायला बरं वाटतं, उशी डोक्याखाली घेऊन बघायचं. गॉस्फर्डमधल्या सर विल्यमने आपल्या कारखान्यातल्या पोरींना नादी लावायचं, दिवस गेले की नोकरी हवी की मूल ते ठरव म्हणायचं, आणि मूल दिलं की ते चांगल्या घरात गेलं असं सांगून अनाथाश्रमात टाकायचं. असल्या माणसाचा खून झाला तर बघणाऱ्याने हळहळायचं की काय करायचं ते पिक्चर सांगत नाही. कुणी हळहळत नाहीच. एक एल्सी सोडून, मोलकरीण, जी जेवताना ताटं वाढता वाढता त्याच्या बाजूने एक वाक्य बोलून जाते आणि तिची नोकरी जाते.

आता मामी. मामी पूर्ण वेळ खालच्या मजल्यावर होती, वर काय चाललंय त्याकडे तिचं लक्षच नव्हतं. एवढी माणसं आली तर पांघरुणं कुठून काढली असतील, भांडी कोण घासतं, त्या स्वयंपाकघरातला ओटा किती मोठा. चांदीची एक सुरी जागेवर नाही असं खाली कुणीतरी म्हणतं, ते आम्हा कुणाला लक्षातही राहिलं नाही, मामीने मात्र लगेच, "बघ, सुरी गेली. मोजलेल्या असतात त्या." विषाच्या बाटल्या तर कॅमेरा इकडेतिकडे दाखवतच असतो, त्यावर तिचं म्हणणं की हे उंदराचं औषध असं वाण्याच्या सामानाजवळ ठेवतात का. आणि हेलन मिरेन, म्हणजे मिसेस विल्सन, घराची सगळी व्यवस्था बघणारी, तिच्याबद्दल पहिल्या अर्ध्या तासातच, "ही बाई फारच नीटनेटकी आहे. हिचं काहीतरी आहे."

होतंच. सुरा मारायच्या आधीच सर विल्यम मेलेले असतात, विषाने, आणि विष दिलेलं असतं मिसेस विल्सनने, कारण सुरा मारणारा तिचा तो अनाथाश्रमात गेलेला मुलगा आहे हे तिने ओळखलेलं असतं. तो फासावर जाऊ नये म्हणून ही आधी पोचते. मुलाला यातलं काही माहीत नाही आणि शेवटपर्यंत ते कुणी सांगत नाही. मेरीला तेवढं सगळं कळतं, ती येऊन विचारते की तुम्हाला आधीच कसं समजलं, आणि मिसेस विल्सन सांगते की चांगल्या नोकराचं कसब तेच असतं, कुणाला कधी भूक लागणार हे त्याच्या आधी कळायला हवं, आणि जेवण तयार हवं. दमले की पलंग तयार. त्यांना स्वतःला कळायच्या आत आपल्याला कळलेलं असतं. मी परिपूर्ण नोकर आहे, म्हणते, मला माझं आयुष्यच नाही.

मामी म्हणाली, "हं."

एवढंच. मग उठून आत गेली आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला. चहाची वेळ झाली होती आणि आमच्यापैकी कुणी अजून चहा मागितला नव्हता.

दादा मात्र वेगळ्याच गोष्टीला अडकला होता. मेलेल्या माणसाला सुरा मारला तर तो खून कसा? आणि नाही तर मग गुन्हा कोणता? वहिनी म्हणे मनात होतं ना, मग झालंच. दादा म्हणे मनातलं कोर्टात चालत नाही. हे बराच वेळ चाललं, मग दादा खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वकील काकांनाच बोलावून घेऊन आला. काकांनी खुर्ची ओढली, चहा घेतला, आणि सगळं ऐकलं, कारखाना, अनाथाश्रम, विष, सुरा, गाणं, मुलाजवळ असलेला आईचा फोटो, सगळं, दादाने ज्या भागात झोप काढली होती तो भागसुद्धा दादाने सांगितला. काका मान हलवत होते. त्याला आधीच मेलाय हे माहीत होतं का, एवढं एकदा विचारलं. नाही म्हटल्यावर परत मान हलवली.

मग कप खाली ठेवून म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण इस्टेट कुणाला गेली?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

"मग काय पिक्चर बघितलात तुम्ही?"