तांदळाच्या पगारावरचे सामुराई: कानाझावातला एक दिवस

'डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका' अशी जपानच्या कानाझावा शहरात म्हण आहे. मी नेमकी छत्री हॉटेलवर टाकून निघाले आणि नागामाचीत पोचेपर्यंत गारठलेली भुरभुर सुरू झाली. म्हणून एका भिंतीच्या वळचणीला उभी राहिले, आणि ती भिंतच बघत बसले.

नागामाची म्हणजे जुनी सामुराई आळी. अरुंद बोळ, बाजूने पाटाचं पाणी, दोन्हीकडे पिवळट मातीच्या भिंती. फेब्रुवारी होता, त्यामुळे भिंतींवर भाताच्या पेंढ्याच्या जाड चटया बांधल्या होत्या. मातीत मुरलेलं पाणी गोठलं की पोपडे सुटतात, म्हणून हिवाळाभर हे पांघरूण. चटईतून हात घालून पाहिला, आतली माती कोरडी ठणठणीत!

इथे सगळं तांदळापाशीच येतं. माएदा तोशिइए हा सरदार 1583 मध्ये इथे आला आणि पुढे त्याच्या वंशजांचं कागा संस्थान दहा लाख कोकूचं म्हणून गाजलं. एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाची वर्षाची बेगमी. सामुराईची पत मोजायची ती याच मापाने. याच आळीतल्या नोमुरा या सामुराई घराण्याला हजार-बाराशे कोकू होते, म्हणजे खाऊनपिऊन सुखी.

त्या नोमुरांच्या वाड्यात शिरताच चिलखत दिसतं. आत सोळाव्या शतकातलं एक पत्र आहे: शत्रूचं मुंडकं आणून दिल्याबद्दल आभार! आपण दिवाळीच्या फराळाबद्दल कळवावं तितक्या अदबीने. पण पुढे देशावर तोकुगावा या राज्यकर्त्या घराण्याची सत्ता स्थिरावली आणि अडीचशे वर्षं लढायला फारसं काही उरलंच नाही. कमरेला दोन तलवारी, हातात मात्र हिशेबाच्या वह्या. एवढा श्रीमंत सरदार तोकुगावांच्या डोळ्यांत खुपणारच, म्हणून माएदांनी पैसा चहा, नोह नाट्य, लाखकाम यांत ओतला. शस्त्रं दुरुस्त करणारा कारखाना हळूहळू कलाकुसरीचा झाला. जपानातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख आजही याच शहरात तयार होतो.

वाड्यातली सायप्रसची नक्षीदार खोली बघून मी हरखले होते. मग माहितीफलक वाचला. हे घर नोमुरांचं नाहीच! 1871 मध्ये संस्थानं गेली, 1876 मध्ये तलवारी बाळगायला बंदी आली आणि तांदळाचे तनखेही संपले. मूळ वाडा पाडला गेला. आज जो दिसतो तो कुबो हिकोबेई नावाच्या जहाजवाल्या व्यापाऱ्याचा, नंतर इथे आणून उभारलेला. सामुराईंची उरली आहे ती भिंत, आणि बागेतलं चारशे वर्षांचं म्हणतात ते यामामोमोचं झाड. फसवल्यासारखं वाटलं खरं, पण पुढे हसूही आलं.

चिखल तुडवत आशिगारू, म्हणजे पायदळ शिपायांची घरं गाठली. तिकीट नाही, गर्दी नाही. इतर संस्थानांत शिपाई चाळवजा लांबट इमारतींत राहायचे, कागात त्यांना परसासकट स्वतंत्र घर मिळे. ही दोन घरंही दुसरीकडून आणलेली, पण खरोखरच शिपायांची, आणि 1990 च्या सुमारापर्यंत वापरातली. छपरावर फळ्या, फळ्यांवर दगड ठेवलेले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. स्वयंपाकघरात वाकून डोकावले तर केसांतलं पाणी टपकन चुलीपाशी पडलं.