ताण देताना तुटलेली तार आणि भलतीकडे लावलेला अर्थ क्लॅम्प

प्रीकास्ट गर्डरच्या, म्हणजे आधीच ओतून ठेवायच्या काँक्रीटच्या तुळईच्या, बेडवर स्ट्रँड (पोलादी तारांचा पीळ) ओढताना त्यातली तार तुटली, म्हणून मला बोलावलं होतं. स्ट्रँड नेहमीचीच: १२.७ मिलिमीटर, सात तारांची, किमान १८३.७ किलोन्यूटन ताकदीची. ओढायची होती सुमारे १३८ पर्यंत, पण ऐंशीच्या आसपासच आवाज झाला. सगळ्यांचं बोट कॉइलकडे. त्याच कॉइलचा तुकडा यंत्रावर ओढला, तर तो १८३.७ च्या वर जाऊन, रीतसर मान बारीक होऊन तुटला.

बेडवरची तार मात्र वेजपासून (स्ट्रँड टोकाला पकडणाऱ्या पाचरीपासून) लांब आणि जराही बारीक न होता तुटली होती. रॉकेलनं पुसल्यावर तुटल्या जागी मोहरीएवढा वितळलेला खड्डा दिसला, भोवती निळसर कड. स्ट्रँड ओवल्यानंतर इथे वेल्डिंग झालं का, असं विचारलं. झालं होतं. शटरची, म्हणजे काँक्रीटच्या साच्याची, सुटलेली पट्टी जोडली होती आणि अर्थ क्लॅम्प (वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेणारा चिमटा) लावला होता बेडच्या दुसऱ्या टोकाला, गंजलेल्या, तेलकट अँगलवर. परतीच्या करंटनं स्ट्रँडभोवतीच्या सळईच्या रिंगा आणि स्ट्रँडमधून वाट काढली.

"करंटनं स्ट्रँड तापून मऊ पडली" हे निदान लगेच पुढे येतं, पण हिशोबात बसत नाही. १५० अँपिअर सगळेच्या सगळे ९८.७ चौरस मिलिमीटरमधून गेले, तरी तापमान सेकंदाला जेमतेम ०.१२ अंश चढतं. चौरस मिलिमीटरला वीस अँपिअर दिले, तर सेकंदाला वीसेक अंश. प्रयोगशाळेत करंट सोडून पोलाद मऊ करतात ते असल्या घनतेला. घात होतो रिंग तारेला नुसती टेकलेली असते तिथे. ठिणगी पडते, ०.८ टक्के कार्बनचं पोलाद क्षणात ७२७ अंशांच्या पार जाऊन ऑस्टेनाइट (पोलादाची तापल्यावरची रचना) होतं, आणि भोवतालचं थंड पोलाद ती उष्णता शोषून घेतं. पाण्यात न बुडवताच मार्टेन्साइट, म्हणजे कडक पण ठिसूळ पोलाद! नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) लावल्यावर पांढरी टिकली दिसली. तिचा कडकपणा ८०० विकर्सच्या (कडकपणाचं माप) पुढे, मूळ तारेचा ५२० च्या आसपास. टिकलीला लागूनच एक मऊ पट्टा, तिथे थंड ओढकामानं आलेली ताकद गेलेली. ताण आला की टिकलीला तडा जातो आणि सव्वाचार मिलिमीटरच्या तारेत तो थांबत नाही.

खड्डा घासून काढू, असंही कोणी म्हणतंच. पण तारा एकमेकींना टेकतात त्या आतल्या बाजूच्या खुणा दिसत नाहीत. म्हणून ताण सोडून बेडवरच्या सगळ्या स्ट्रँड ग्राइंडरनं कापून भंगारात काढायला लावल्या. नव्या ओवण्याआधी शटरचं वेल्डिंग पुरं केलं, क्लॅम्प त्याच पट्टीवर, गंज खरवडून. ओवल्यानंतर पट्टी सुटलीच, तर बोल्ट.