खालून बघा, मग बोला

फ्लोरेन्समधे ओरसानमिकेले म्हणून एक इमारत आहे, आधी धान्याचा बाजार होता मग चर्च झालं, आणि तिच्या बाहेरच्या भिंतीत चौदा कोनाडे आहेत. गावातल्या धंदेवाल्यांच्या गिल्डांनी, म्हणजे संघांनी, तिथे आपापल्या संतांचे पुतळे बसवले. लिनन विणणाऱ्यांच्या वाट्याला सेंट मार्क आला आणि ते काम 1411 मधे डोनाटेल्लो या शिल्पकाराला मिळालं, तेव्हा तो पंचविशीतला पोरगाच होता.

याची एक गोष्ट कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने लिहून ठेवलीय, सव्वाशेहून जास्त वर्षांनी, त्यामुळे मीठमसाला असणारच. पुतळा जमिनीवर असताना गिल्डवाल्यांनी बघितला आणि नाकं मुरडली. डोनाटेल्लो म्हणाला बरं, वर चढवा, मी थोडा हात फिरवतो. कोनाड्यात पुतळा ठेवून पडदा लावला, काही दिवस आत काहीही केलं नाही, आणि पडदा काढल्यावर सगळे खूश!

आता कोनाड्यात कॉपी आहे आणि अस्सल मूर्ती वरच्या मजल्यावर म्युझियममधे, म्हणजे गिल्डवाल्यांची फजिती आपल्याला स्वतः करून बघता येते. मी आधी वर गेलो. जवळून बघितलं तर धड जरा जास्तच लांब वाटतं, हात मोठे, आणि मनात आलं की हेच का ते. मग खाली रस्त्यावर येऊन मान वर केली तर तो माणूस एका पायावर भार टाकून आरामात उभा, अंगावरच्या कापडाच्या चुण्यांखाली गुडघा कळतोय. पायाखाली उशीसुद्धा आहे, दगडाची, पण दबलेली, कापडवाल्यांचा संत ना.

माझ्या मते डोनाटेल्लोचं खरं देणं हेच आहे, की बघणारा कुठे उभा राहणार हे त्याने आधी ठरवलं आणि मग छिन्नी उचलली. लोक त्याच्या ब्राँझच्या डेव्हिडबद्दल बोलतात, प्राचीन काळानंतरचा पहिला मोठा सुटा उभा नग्न पुतळा वगैरे, ते बरोबरच आहे, पण मला त्याचे उठावचित्रांमधले उद्योग जास्त भारी वाटतात. ओरसानमिकेलेसाठीच केलेल्या सेंट जॉर्जच्या पायथ्याशी एक लांबट पट्टी आहे, साधारण 1417 ची, जॉर्ज ड्रॅगनला भाला मारतोय. घोडा आणि स्वार थोडे उठलेले, पण मागची झाडं, डोंगर, उजवीकडची कमानींची ओळ हे सगळं दगडावर जेमतेम ओरखडल्यासारखं, आणि तरी लांबवर गेल्यासारखं दिसतं. याला इटालियनमधे स्कियाचातो म्हणतात, म्हणजे चपटा केलेला. दगडात चित्र काढलंय म्हणा ना.

पुढे सिएना शहरातल्या बाप्टिस्टरीसाठी, म्हणजे बाप्तिस्मा देतात त्या इमारतीसाठी, बायबलमधल्या हेरोद राजाची मेजवानी केली, ब्राँझमधे, 1420 च्या दशकात. ताटात संत जॉनचं मुंडकं आणलंय, हेरोद मागे सरकलाय, पोरं घाबरून पळतायत, आणि गंमत म्हणजे मधोमध जागा रिकामी! सगळे दोन्ही बाजूंना फाकलेत, मागे कमानी, त्यामागे वादक, त्यामागे अजून कमानी. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने पर्स्पेक्टिव्हचं, म्हणजे सपाट जागेवर खोली दाखवण्याचं, गणित मांडलं आणि त्याच्या दोस्ताने, डोनाटेल्लोने, ते लगेच धातूत ओतलं. त्याच सुमारास चित्रकार मासाचो भिंतीवर तेच करत होता.

1443 नंतर दहा वर्षं पादुआ शहरात काढली. तिथे गातामेलाता नावाच्या सरदाराचा घोडेस्वार पुतळा केला, रोमन काळानंतर एवढा मोठा ब्राँझचा घोडा पुन्हा उभा राहिला तो तेव्हा. घोड्याचा पुढचा उचललेला पाय एका गोळ्यावर टेकवलाय, सगळा भार तीन पायांवर नको म्हणून. (पाय वर म्हणजे स्वार जखमी होऊन मेला हे व्हॉट्सअ‍ॅप ज्ञान इथे चालत नाही, हा सरदार आजारपणात गेला.) आणि पादुआतच पोरसवदा मांतेन्या चित्रकला शिकत होता, त्याची दगडातून कोरल्यासारखी माणसं कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

मायकेलअँजेलोपर्यंतचा धागा तर अगदी सरळ आहे. डोनाटेल्लो 1466 मधे गेला, त्याचा शिष्य बेर्तोल्दो फ्लोरेन्सच्या बड्या मेदिची घराण्याच्या बागेत शिकणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवायचा, त्यातलाच एक मायकेलअँजेलो. त्याने पंधरा-सोळाव्या वर्षी केलेली पायऱ्यांवरची मॅडोना (मेरीमाता) फ्लोरेन्सच्या कासा बुओनारोती म्युझियममधे आहे, तीच चपटी पद्धत. मागे पायऱ्यांवर पोरं आहेत, ती नीट दिसायला वाकून, तिरकं होऊन उजेड शोधावा लागतो. मी दहा मिनिटं तेच करत होतो आणि कोपऱ्यातला गार्ड माझ्यावरची नजर काही काढत नव्हता.