नखांना मार्क देताना

सध्या दिवसभर पायाच्या अंगठ्याच्या नखांचे फोटो बघतेय. काम एवढंच, नखातलं फंगल इन्फेक्शन माईल्ड, मॉडरेट की सिव्हिअर ते ठरवायचं, म्हणजे औषधाच्या ट्रायलमधल्या दोन्ही गटांत साधारण सारखेच पेशंट आलेत ना ते कळतं.

आधी वाटायचं त्यात काय एवढं, जास्त पिवळं ते जास्त वाईट. पण आम्ही जो ओएसआय स्कोअर वापरतो (ऑनिकोमायकोसिस सिव्हिअरिटी इंडेक्स, म्हणजे नखातल्या बुरशीची तीव्रता मोजायची पद्धत, २०११ सालची) त्याचं गणित वेगळंच आहे. नखाचा किती भाग गेलाय त्याला ० ते ५, बुरशी टोकाकडून मुळाकडे कुठवर पोचलीय त्याला १ ते ५, आणि या दोन्हींचा गुणाकार. शिवाय नखात बुरशीची उभी पट्टी किंवा गठ्ठा दिसला, नाहीतर नखाखालचा थर २ मिमीपेक्षा जाड असला, की सरळ १० मिळवायचे. १ ते ५ माईल्ड, ६ ते १५ मॉडरेट, त्यापुढे ३५ पर्यंत सिव्हिअर.

काल दोन फोटो लागोपाठ आले. पहिलं नख बघवत नव्हतं, साठेक टक्के पिवळं, पण मुळाकडचा पाव भाग स्वच्छ, म्हणजे ४ गुणिले ३, बारा, मॉडरेट! दुसऱ्यात नुसती एक पिवळट पट्टी, नखाचा जेमतेम १५ टक्के भाग, पण पार मुळाकडच्या चतकोरात शिरलेली, म्हणून २ गुणिले ४, आठ, वर पट्टीचे दहा, अठरा, सिव्हिअर. पहिल्यांदा मला ते अन्यायच वाटलं होतं. पण त्या पट्टीत बुरशी इतकी दाटीवाटीने बसलेली असते की औषध आत नीट पोचत नाही, त्यामुळे दिसायला बरं असलेलं ते नख बरं करायलाच अवघड.

खरी डोकेदुखी टक्केवारीची. २५ टक्क्यांपर्यंत २ मार्क आणि २६ ला ३, आता हे डोळ्यांनी कोण सांगणार? म्हणून दोघं जण वेगवेगळे मार्क देतो आणि मग जुळवतो. त्यात कुणी फोटोच्या आदल्या दिवशी नख कापून आलं की संपलंच, सुटलेला टोकाचा भागच गायब आणि स्कोअर आपोआप कमी! औषधाच्या आधीच सुधारणा.

आज परत एका फोटोवरून अडलंय. मी म्हणतेय पट्टी आहे, जोडीदार म्हणतो बुटाचा मार लागलाय, आणि फरक तब्बल दहाचा.