आमची वाटचाल : ड्रम सँडर घेतला तेव्हा

सुरुवातीला आमच्याकडे दारं-खिडक्या आणि कपाटं एवढंच काम असे. रंधा मशीनमधून निघालेली फळी ऑर्बिटल सँडरने, म्हणजे हातात धरून फिरवायच्या घासपेपरच्या मशीनने, घासायची आणि पॉलिशला पाठवायची. मग पट्ट्या चिकटवून केलेले टेबलटॉप, चॉपिंग बोर्ड अशी कामं येऊ लागली आणि ही पद्धत पुरेना. ऑर्बिटल सँडर लाकूड गुळगुळीत करतो, सपाट करत नाही. मऊ भाग जास्त झिजतो, कडेला हात रेंगाळला की कड उतरते. रंधा मशीनमध्ये घालावं तर उलटसुलट रेषेचं लाकूड उचकटतं आणि उभ्या रेषेचा, म्हणजे लाकडाची कापलेली टोकं वर असलेला, बोर्ड मागच्या कडेला फुटतो.

आमच्या मिस्त्रींचं मत होतं की घ्यायचंच तर घासपेपरचा रुंद पट्टा फिरवणारा सँडर घ्यावा. त्यांचं खोटं नव्हतं. ते मशीन वेगवान असतं आणि खुणाही कमी ठेवतं. पण त्याला सहसा थ्री-फेज वीज लागते, पट्टा जागेवर ठेवायला कॉम्प्रेसरची हवा लागते आणि जागाही बरीच जाते. ड्रम सँडरमध्ये घासपेपर गुंडाळलेला ड्रम फिरतो आणि सरकत्या पट्ट्यावरून फळी त्याच्याखालून जाते; लहान ड्रम सँडर सिंगल फेजवर चालतो. आमचं काम दिवसभर एकाच मापाचं नसतं, म्हणून ड्रम.

त्यातही दोन जाती. ड्रमला दोन्ही बाजूंनी आधार असलेला बंद सँडर जास्त ताठ, पण त्याच्या रुंदीपेक्षा मोठं काही जात नाही. एक बाजू मोकळी असलेल्यात 16 इंची ड्रमखालून 32 इंचांपर्यंतचा टॉप फिरवून दोनदा घालता येतो. आम्ही मोकळ्या बाजूचा घेतला. त्याची खोड अशी की ड्रम आणि खालचा सरकता पट्टा समांतर नसले तर टॉपच्या मधोमध पायरी पडते. दोन सारख्या जाडीचे ठोकळे दोन्ही टोकांना ठेवून ते तपासावं लागतं. रुंद टॉप असेल तर मोकळं टोक अगदी केसभर वर ठेवतो, म्हणजे मधली रेघ उमटत नाही.

धूळ ओढणाऱ्या मशीनचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरला. त्याच्याशिवाय ड्रम सँडर चालवायचाच नाही, हा आमचा नियम आहे. भुसा निघून गेला नाही की पेपर लगेच भरतो, तापतो आणि लाकूड करपतं. शिवाय ही बारीक धूळ फुप्फुसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत नोंदवली. म्हणून पाईप जोडलेला असला तरी मास्क लागतोच.

काम करणाऱ्या नव्या मुलाला मशीन समजतं, धीर समजायला वेळ लागतो. हा रंधा नव्हे. 80 नंबरच्या पेपरने एका फेरीत पाव मिलिमीटरच्या आतच घ्यायचं, 120 ने त्याहून बरंच कमी. आधी वाळलेला गोंद पटाशीने किंवा स्क्रेपरने काढायचा, नाहीतर तो पेपरवर चिकटून बसतो आणि तिथून पुढे प्रत्येक फळीवर त्याच जागी काळी रेघ. फळीवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारायच्या. त्या सगळ्या गेल्या की पृष्ठभाग सपाट झाला. शक्य असेल तिथे फळी थोडी तिरकी घालायची, म्हणजे पेपरचा एकच भाग घासत राहत नाही. साग तेलकट असल्यामुळे त्याचा पेपर लवकर भरतो, तो रबराच्या कांडीने मशीन चालू असताना साफ होतो.

आखूड तुकडे वेगळाच त्रास देतात. ड्रमच्या पुढे-मागे फळी दाबून धरणाऱ्या दोन्ही रोलरांखाली एकाच वेळी न येणारा तुकडा ड्रमखाली डोलतो आणि टोकाला खड्डा पडतो. अशा वेळी त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लांब पट्ट्या चिकटवून घालतो. जडावकामाच्या पातळ पट्ट्या दुहेरी टेपने एका सपाट फळीवर चिकटवून जातात, आणि हे काम आता आमच्याकडे बाहेरूनही येतं.

ड्रमच्या सरळ ओरखड्यांवर पॉलिश चढवलं तर ते उठून दिसतात, म्हणून शेवटी ऑर्बिटल सँडर फिरतोच; पण आता थोडा वेळ. जुन्या इमारतींचं लाकूड मात्र खिळे शोधक फिरवल्याशिवाय घेत नाही. एक खिळा पेपर फाडतो आणि ठिणगी थेट भुशाच्या पिशवीत जाते.