ठाणे ते खारघर, मध्ये सीवूड्स

राजापूरहून मामा वर्षातून एकदा ठाण्याला येतो, पण तो आमच्यासाठी नाही, खारघरच्या टाटाला दाखवायला येतो. सहा वर्षांपूर्वी तिथे त्याचे पंचवीस शेक झाले, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. रेडिएशन हा शब्द त्याने तेव्हाही वापरला नाही आणि आताही वापरत नाही. शेकच म्हणतो, गुडघ्याला द्यावा तसा.

हा प्रवास तसा लिहिण्यासारखा नाही. ठाण्याच्या दहा नंबरवरून पनवेल लोकल पकडायची, पाऊण तासाने खारघरला उतरायचं. पण यंदा परतीच्या वाटेवर आम्ही सीवूड्सला उतरलो, आणि तिथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली. ती फारशी अभिमानाची नाही.

गाडी ऐरोली सोडून रबाळ्याकडे निघाली तसा तो वास आला. या लाईनवर रोज येणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. जळलेल्या रबरात काहीतरी गोडसर मिसळल्यासारखा. मामाने उपरणं नाकाला लावलं. मी म्हणालो, "आज कमी आहे." समोर बसलेले काकाही त्याच क्षणी म्हणाले, "आज कमीच आहे." आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. मामा हसला नाही.

"काय असतं ह्यात?"

"कंपन्या आहेत. केमिकलच्या."

"ते दिसतंय. काय असतं, ते विचारतोय."

वीस वर्षं मी या पट्ट्यातून जातोय. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने साठच्या दशकापासून रसायनांचे कारखाने उभे राहिले, हे मला माहीत आहे. कुठल्या टाकीत काय साठवलंय, हे मी कधी विचारलेलं नाही. मामाने एका प्रवासात विचारलं.

तुर्भ्याला मात्र सांगण्यासारखं काही तरी होतं माझ्याकडे. वाशीच्या मसाला मार्केटच्या परिसरात २००० सालापासून विकिरणाचा सरकारी प्रकल्प चालतो. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थातून निघणारे गॅमा किरण मसाल्याच्या पोत्यांवर सोडतात, त्याने किडे आणि बुरशी मरते. मसाला त्यामुळे किरणोत्सारी होत नाही, जसा एक्स-रे काढल्यावर आपला हात चमकायला लागत नाही. दवाखान्यातल्या सुया आणि हातमोजेसुद्धा १९७४ पासून पलीकडे ट्रॉम्ब्यात असेच निर्जंतुक होतात. माझ्या बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्याकडे नको हं तसला मसाला." टोचून घेताना मात्र कुणी विचारत नाही, सुई कुठून आली. मामाला हे सांगताना मला जरा चढलंच होतं. कारण मुद्दा मला मामापर्यंत आणायचा होता.

मामाचं गाव जैतापूरच्या पट्ट्यातलं. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे, सगळीकडे त्याचे सोयरे. १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या तिथे उभ्या करायचं ठरलं, जमिनी गेल्या, मोर्चे निघाले. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये त्सुनामीने फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राचा अपघात झाला आणि एप्रिलमध्ये साखरी नाट्याला गोळीबारात एक माणूस गेला. मामा त्या दिवसांत तुरुंगात एक रात्र काढून आलेला. आणि हाच मामा पंचवीस वेळा किरणांखाली निजला, त्याच अणुखात्याच्या रुग्णालयात. मला यात एक छान विसंगती दिसत होती. गेल्या सहा वर्षांत मित्रांमध्ये दोन-तीनदा सांगूनही झाली होती.

खारघरला नंबर लवकर लागला. तपासणी झाली, रक्त दिलं, स्कॅन झालं, रिपोर्ट गुरुवारी. बाहेर बाकावर चहा घेताना मी ती विसंगती त्याच्यासमोर मांडली. ट्रॉम्ब्याच्या शास्त्रज्ञांनी बनवलेलं भाभाट्रॉन नावाचं कोबाल्ट यंत्र याच खारघरच्या केंद्रात लागलं, हेही सांगितलं. म्हणजे बघ मामा, तुला वाचवलं ते अणूनेच.

त्याने खिशातून चुन्याची डबी काढली. तंबाखू सुटून सहा वर्षं झाली, डबी सुटलेली नाही. आत लवंगा असतात. एक तोंडात टाकून म्हणाला, "शेक मी मागून घेतला. डॉक्टरनी समोर बसवून सांगितलं, तोंड सुकेल, चव जाईल, दात जातील. मी सही केली. तिकडे काय झालं? तिकडे नोटीस आली."

मी गप्प बसलो. तो पुढे म्हणाला, "आणि आम्हाला सांगत होते काय, तर काहीच होणार नाही. टाटातल्या डॉक्टरने कधी म्हटलं नाही, काहीच होणार नाही. म्हणून त्याच्यावर विश्वास बसला."

हे ऐकून मला फुकुशिमाचीच आठवण झाली, पण वेगळ्या बाजूने. तिथल्या कंपनीच्या स्वतःच्या हिशेबात २००८ मध्ये १५.७ मीटरच्या लाटेची शक्यता निघाली होती. अणुवीज केंद्राची तयारी होती ती ५.७ मीटरची. तो कागद बाजूला ठेवला गेला. तीन वर्षांनी लाट आली ती चौदा-पंधरा मीटरची. पुढे जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये स्पष्ट लिहिलं की हा अपघात माणसाने घडवलेला होता. आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. किरणोत्सारामुळे झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक आहे, तर घाईघाईने घरं सोडण्याच्या धकाधकीत फुकुशिमा प्रांतात दोन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली बरीचशी म्हातारी. अभियंत्यांनी लाटेबाबत स्वतःला फसवलं, नंतर घबराटीने म्हाताऱ्यांचा जीव घेतला. हे मामाला सांगितलं. त्याला यातलं पहिलं पटलं, दुसरं ऐकून तो नुसताच "हं" म्हणाला. नको ते आत येऊ न देणारं त्याचंही एक कुलूप आहे, किल्ली हरवलेलं.

ऊन उतरायला वेळ होता आणि फेब्रुवारी होता, म्हणून म्हटलं रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघू. सीवूड्सला उतरून रिक्षाने चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला खाडीवर गेलो. ओहोटी होती. चिखलावर लांबवर गुलाबी पट्टा, आणि जवळ आठ-दहा पक्षी चोची उलट्या धरून पाणी गाळत होते. मामाला पक्ष्यांपेक्षा चिखलात जास्त रस. "हा गाळ चांगला नाही," म्हणाला, "काळा आहे, वास बघ." मग मान वर करून त्याने पलीकडे बोट दाखवलं.

"तो डोंगर कुठला?"

"ट्रॉम्बे."

धुरकट हवेत पायथ्याशी फिकट ठिपके दिसत होते. तिथे आशियातली पहिली अणुभट्टी, अप्सरा, ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. १९७४ च्या पोखरणसाठी प्लुटोनियम देणारी सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली. १०० मेगावॉट उष्णतेची ध्रुव तिथलीच. वीज यातलं काहीच बनवत नाही, पण आमच्याकडे निम्म्या लोकांना वाटतं की मुंबईचे दिवे तिथूनच लागतात. आपली अणुवीज येते तारापूरहून, १९६९ पासून. तारापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिसरीच्या भूगोलात आमच्या जिल्ह्याचं वैशिष्ट्य म्हणून मी ते पाठ केलं होतं आणि तपासणीला आलेल्या साहेबांसमोर म्हणून दाखवलं होतं. २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि अभिमान त्यांच्याकडे गेला.

"म्हणजे भट्टी तिथे?" मामाने विचारलं. "किती लांब असेल?"

"वीस-बावीस किलोमीटर."

मी अजिबात विचार न करता बोललो. इतकी वर्षं माझ्या डोक्यात तोच आकडा होता. मामा थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला. होडी चालवलेला माणूस आहे, पाण्यावरचं अंतर त्याला नजरेने कळतं.

"एवढं नाही रे."

मोबाईल काढून नकाशावर सरळ रेघ ओढली. दहाच्या आत. वीस-बावीस हा आकडा वाशीच्या पुलावरून, मानखुर्दला वळसा घालून गाडीने जाण्याचा होता.

"हवा काय मानखुर्दला वळून येते?" मामा म्हणाला.

मला जैतापूरच्या वादातल्या सोळा किलोमीटरच्या वर्तुळाची आठवण झाली. अणुवीज केंद्राभोवती आणीबाणीच्या तयारीचं क्षेत्र तेवढं धरायची पद्धत होती. त्या वर्तुळात घर असणाऱ्यांवर मी चहाच्या टेबलावर मतं देत होतो. ध्रुव वीजकेंद्र नाही, आकाराने लहान आहे, तुलना थेट बसत नाही, हे सगळं मला त्याच मिनिटात सुचलं. फार पटकन सुचलं. रबाळ्याच्या वासाला "आज कमी आहे" जितक्या पटकन सुचतं, तितक्याच.

मामाने डबी पुढे केली. मी एक लवंग घेतली.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही सीवूड्सच्या फलाटावर उभे होतो तेव्हा मामीचा फोन आला. मामाने जरा बाजूला जाऊन उचलला, पण तो फोनवर ओरडूनच बोलतो.

"हो, झालं सगळं. नाही गं, काही नाही. डॉक्टर म्हणाले एकदम क्लिअर आहे."

फोन खिशात ठेवून तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. रिपोर्ट गुरुवारी होता. दोघांनी इंडिकेटरकडे बघितलं. ठाणे, चार मिनिटं.